सामूहिक मृत्यूचा पंचनामा
(उज्जैन येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निमंत्रण देताना व्याख्यानमालेच्या चालकांनी एकच अट घातली होती, की विषय जगाचा असला तरी बोलणं इथलं हवं. वन्य प्राणी एकगठ्ठा, शेकड्यांनी आणि हजारांनी का मरतात, हा माझा विषय. तो समजून घ्यायला लांब जावं लागत नाही. इथून क्षिप्रेवरचा रामघाट चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

घाटावर मासे मेले की पुढे काय होतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे. पहाटेच्या स्नानाला आलेल्यांना पांढरी पोटं तरंगताना दिसतात. उन्हं चढली की वास सुटतो. महापालिकेची माणसं जाळी आणि टोपल्या घेऊन येतात, ट्रॉली भरते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. चौकशी झालीच तर तिच्यात लिहिलं जातं: पाण्यातला ऑक्सिजन कमी झाल्याने मासे मेले. हे खोटं नाही. पण दवाखान्याच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडून मृत्यू' असं लिहितात, त्यातलाच हा प्रकार. हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय आजवर मेलंय कोण?

माशाचं गुदमरणं जवळून बघवत नाही, पण एकदा तरी बघावं. पहाटे चारच्या सुमाराला रोहू आणि कटला वर येतात आणि पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्याला तोंड लावून राहतात, कारण हवेला टेकलेल्या त्या केसभर थरातच काय तो ऑक्सिजन उरलेला असतो. कल्ल्यांची झाकणं भराभर हलत असतात. माणूस जवळ गेला तरी ते बुडी मारत नाहीत. काठी लावली तर वीतभर सरकतात आणि पुन्हा तसेच वर येतात. साधारणपणे मोठे मासे आधी जातात, लहान थोडे जास्त टिकतात. मरळ आणि मांगूर मात्र बहुधा वाचतात, कारण त्यांना वरची हवा घेऊन जगता येतं. पाण्यात विष आलं असेल तर चित्र वेगळं दिसतं. मग लहानमोठे सगळे एकदम जातात, दिवसाच्या कुठल्याही वेळी जातात आणि पाण्यातले किडे-झिंगेही सुटत नाहीत. म्हणजे कोणता मासा मेला, कोणता वाचला आणि किती वाजता, एवढ्या तीन नोंदींवरून अर्धा तपास होतो. ज्या गावात सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात वेळ मोजायला वेधशाळा बांधली, त्या गावात मासे किती वाजता मेले हे कोणी लिहून ठेवत नाही, याची मला गंमत वाटते आणि थोडा रागही येतो.

पहाटच का? हिरवं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री आपणच तो घेतं. सांडपाणी खाणारे जंतू तर रात्रंदिवस घेतच असतात. त्यामुळे सूर्योदयाच्या जरा आधी पाण्यातली शिल्लक सगळ्यात कमी असते. त्यातून उन्हाळा. वीस अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तीस अंशांना साडेसातच्या आसपास. दोन-तीनच्या खाली गेलं की रोहूसारख्या माशाचा जीव कासावीस होतो. नदी वाहती असती तर यातलं बरंचसं निभावलं असतं. पण क्षिप्रेचं उन्हाळ्यातलं रूप तुम्हाला माहीत आहे: बंधाऱ्यांमागे तुंबलेले डोह. इंदूरचं सांडपाणी घेऊन खान नदी त्रिवेणी घाटापाशी क्षिप्रेला मिळते. ते पाणी अडवायला मातीचा बांध घालतात, पाण्याचा लोट आला की तो वाहून जातो, आणि तळाचा काळा गाळ एका रात्रीत शहराच्या घाटांपर्यंत पोहोचतो.

2014 साली नर्मदेचं पाणी उपसून क्षिप्रेत आणलं, तेव्हापासून क्षिप्रेला पाणी पंचांग बघून येतं. पर्वणीला सोडतात, पर्वणी सरली की थांबतं. जानेवारी 2019 मध्ये शनिश्चरी अमावास्येला तेही वेळेवर आलं नाही. भाविकांना त्रिवेणीवर चिखलात उभं राहून अंगावर पाणी घ्यावं लागलं आणि अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. माणसांची पर्वणी हुकली तर बदल्या होतात. माशांचं सोडा. शिवाय घाटावरच्या माशांना कोणी धरत नाही, उलट भाविक कणकेच्या गोळ्या टाकतात, त्यामुळे तिथे त्यांची दाटी असते. दाटी, वर-खाली बांध म्हणून निसटायला वाट नाही, वरून गरम पाणी. इतकी सगळी तयारी आधीच झालेली असते. गाळाचा लोट येतो तो अगदी शेवटी, आणि पंचनाम्यात नाव लागतं ते त्याच्या परिणामाचं.

मला आज सांगायचं आहे ते एवढंच, की एकगठ्ठा मरणात ज्याला आपण कारण म्हणतो ते बहुतेक वेळा जुनंच, घरातलंच असतं. जंतू असो की विष, ते आधीपासून तिथे नांदत असतं. नवी असते ती कोंडी. याला अपवाद आहेत आणि तेही मी सांगणार आहे.

कझाकस्तानचं उदाहरण घ्या. तिथल्या गवताळ मैदानांत सैगा नावाचं लांब, लोंबत्या नाकाचं हरीण राहतं. मे 2015 मध्ये माद्या विण्यासाठी एकत्र जमल्या होत्या, आणि तीनेक आठवड्यांत दोन लाखांहून जास्त सैगा मेले. काही कळपांत एकही जनावर उरलं नाही. त्या वेळी रॉकेटच्या इंधनापासून कशाकशावर संशय घेतला गेला. निघालं काय, तर घटसर्प. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर म्हशींना ज्याची लस टोचतात तोच, माळव्यातले शेतकरी ज्याला गलघोंटू म्हणतात तोच. याचा जीवाणू धडधाकट सैगांच्या घशातही असतो आणि एरवी काही करत नाही. त्या वर्षी मरणाच्या आधीचे काही दिवस नेहमीपेक्षा उबदार आणि फार दमट होते. शास्त्रज्ञांनी आधीच्या दशकांतल्या अशाच मरणांची हवामानाशी सांगड घातली, तेव्हा तिथेही दमट हवा सापडली. जीवाणूला हात देणारी हवा, नुकत्याच व्यायलेल्या थकलेल्या माद्या आणि एका जागी जमलेला कळप. आपल्या शेतकऱ्याला हे नवं नाही. गोठ्यात दाटी नको आणि पावसाआधी लस हवी, हे तो शास्त्र न वाचता सांगतो.

सेरेंगेटीचे सिंह याहून शिकवणारे आहेत. 1994 साली तिथले सुमारे एक हजार सिंह मेले, म्हणजे एकूण सिंहांचा तिसरा हिस्सा. दोष कुत्र्यांमधल्या डिस्टेंपर विषाणूवर गेला, आणि तो बरोबरही होता. पण पुढे साठवलेलं रक्त तपासलं तेव्हा कळलं, की हा विषाणू त्या सिंहांमध्ये आधीही येऊन गेला होता आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मग याच वेळी काय झालं? आधी कडक दुष्काळ पडला होता. रानरेडे उपासमारीने खंगले, त्यांच्या अंगावर गोचिडी माजल्या. ते रेडे सिंहांना सहज मिळाले, आणि रेड्यांबरोबर गोचिडीही मिळाल्या. गोचिडीतून रक्तातला बॅबेसिया हा परजीवी आला. डिस्टेंपरने प्रतिकारशक्ती खाली बसवली आणि बॅबेसियाने काम पुरं केलं. गुन्हेगार शोधायला निघालात तर विषाणू, गोचीड, रेडा आणि न पडलेला पाऊस असे चार जण एका रांगेत उभे दिसतील.

सप्टेंबर-ऑक्टोबर 2018 मध्ये गीरच्या दलखानिया भागात 23 सिंह मेले, तेव्हा हाच विषाणू सापडला आणि बॅबेसियाही. गीरचे सगळे सिंह एकाच प्रदेशात आहेत, म्हणून त्यांचं दुसरं घर मध्य प्रदेशात कूनोला करा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच दिला होता. सिंह काही आले नाहीत. 2022 पासून चित्ते येऊ लागले, आणि एप्रिल 2025 मध्ये दोन चित्ते आपल्या विभागातल्या गांधीसागरला सोडले. चित्त्यांबद्दल दुसरं घर करण्याचं शहाणपण सुचलं, हे चांगलंच झालं. सिंहांच्या बाबतीत ते अस्मितेत अडकलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि साथ आली की ती राज्याची सीमा विचारत नाही.

आता जवळचं बघू. डिसेंबर 2020 च्या अखेरीला इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडू लागले. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचा एच5एन8 विषाणू असल्याचं सांगितलं. मग मंदसौर, आगर अशी एकेका गावाची नावं येत गेली. त्याच सुमाराला हिमाचलच्या पोंग जलाशयावर हजारो पाहुणे पक्षी मेले, त्यांत बहुतेक पट्टकादंब हंस होते. कावळा साथीत का सापडतो? तो मेलेलं खातो, कोंबड्यांच्या कत्तलीचा कचरा चिवडतो, आणि संध्याकाळी शेकड्यांनी एकाच झाडावर मुक्कामाला येतो. पण बातमी कावळ्यांची झाली त्याचं आणखी एक कारण आहे. तो आपल्या अंगणात मरतो. रानात एखाद्या घुबडाला हाच रोग झाला तर तरस रात्रीत त्याचा निकाल लावतो आणि कागदावर काहीच येत नाही. सिद्धवटावर पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघत बसणाऱ्या आपल्या समाजाला कावळ्याची मोजदाद कधी करावीशी वाटली नाही. त्या जानेवारीत पहिल्यांदाच लोक विचारू लागले, अहो, आमच्याकडे कावळे किती होते?

मोजदादीचाच मुद्दा निघाला म्हणून सांगतो. 2015 मध्ये काही संशोधकांनी जगभरच्या अशा 727 घटना एकत्र मांडल्या. रोगराई हे सगळ्यात मोठं कारण निघालं, चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त. त्याखालोखाल माणसाने केलेली ढवळाढवळ, मग शेवाळासारख्या सजीवांचं विष. पक्षी, मासे आणि समुद्रातले बिनकण्याचे प्राणी यांच्यात अशा घटनांचा आकार वाढतो आहे, असंही त्यांना दिसलं. मला हा अभ्यास मोलाचा वाटतो, फक्त त्यातली 'कारणं' वाचताना मघाचा दवाखान्याचा दाखला आठवावा. ज्या घटनेपुढे 'रोग' लिहिलं आहे तिथे दुष्काळ, दाटी, उपासमार या गोष्टी त्याच रकान्यात चिरडून बसवलेल्या असतात.

सांभरचं सरोवर हे याचं आपल्या शेजारचं उदाहरण. नोव्हेंबर 2019 मध्ये तिथे अठरा हजारांवर पक्षी मेले. त्या वर्षी पाऊस उत्तम झाला होता, बऱ्याच काळाने सरोवर भरलं होतं, पक्षी आनंदाने उतरले होते. गाळात वर्षानुवर्षं पडून राहणारा बोट्युलिझमचा जीवाणू हवा नसलेल्या, कुजणाऱ्या जागी जागा होतो आणि विष तयार करतो. ते विष खाल्लेल्या पक्ष्याचे पाय आणि पंख लुळे पडतात, मग मान. तो अक्षरशः मान टाकतो आणि चार बोटं पाण्यात बुडून मरतो. प्रेतात अळ्या होतात. अळीला त्या विषाने काही होत नाही, ती ते अंगात साठवते. दुसरा पक्षी ती अळी टिपतो. म्हणजे प्रत्येक प्रेत पुढच्या मरणांची शिदोरी असतं, आणि म्हणून यावरचा इलाज औषधाचा कमी आणि हातगाडीचा जास्त: प्रेतं उचला, लगेच उचला, पुरा किंवा जाळा. तिथे सुरुवातीचे दिवस नेमकं काय झालं हे ठरवण्यात गेले. रोगनिदान झालं बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत. ही संस्था 1889 मध्ये पुण्यात सुरू झाली होती, गुरांच्या बुळकांडीसारख्या साथींवर काम करायला. त्याच संस्थेने ऑक्टोबर 2024 मध्ये बांधवगडचे दहा हत्ती कशाने मेले तेही सांगितलं. तेरा हत्तींच्या कळपाने शेतातली कोदो खाल्ली होती, आणि त्या कोदोवर बुरशीचं विष होतं. कोदो म्हणजे कोकणातला हरीक. ओलसर हवेत तो बाधतो आणि खाणाऱ्याला झिंग येते, हे जुन्या शेतकऱ्यांना माहीत होतं. हत्तींना कोण सांगणार?

जून 2019 मधली देवास जिल्ह्यातली घटना आकडा लहान म्हणून विसरली गेली. बागलीकडच्या जंगलात पंधराएक माकडं मेलेली सापडली. उष्माघात. पण जवळ पाणी होतं. तिथे दुसऱ्या टोळीचं ठाण होतं आणि त्यांनी यांना फिरकू दिलं नसावं, असा वनखात्याचा कयास होता. खरं असेल तर पंचनाम्यात 'उन्हामुळे' लिहिणं पुरेसं होत नाही. त्या डोंगरात जूनपर्यंत पाणी टिकणाऱ्या जागा किती उरल्या, हा प्रश्न त्यात लिहावा लागतो, आणि पंचनाम्याच्या छापील कागदावर त्याला रकाना नाही.

आता अपवाद. क्षिप्रा उत्तरेला जाऊन चंबळेला मिळते. त्याच चंबळेत, पार खाली यमुनेच्या संगमाजवळ, डिसेंबर 2007 पासून काही महिन्यांत शंभरावर सुसरी मेल्या. मी लांब, निमुळत्या जबड्याच्या घडियालबद्दल बोलतो आहे, मगरीबद्दल नाही. शवविच्छेदनात मूत्रपिंडं निकामी झालेली आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर आढळले, म्हणजे गाऊट. यमुनेतून वर येणाऱ्या माशांतून काही विष गेलं असावं असा संशय होता. ते कोणतं, हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही. देशोदेशीचे तज्ज्ञ येऊन गेले, पण ज्या दिवसांत विष अंगात शिरलं असेल त्या दिवसांचं पाणी आणि मासे कोणी जपून ठेवले नव्हते.

हेच पांढरे थर गिधाडांच्या पोटात सापडले होते आणि तिथे मात्र गुन्हेगार हाती लागला. पांढऱ्या पाठीची गिधाडं 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत हजारात एक उरली. 2004 मध्ये कळलं की जनावरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडात जातं. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आम्ही पशुवैद्यांनीच ते औषध लिहून दिलं होतं, स्वस्त, गुणकारी आणि जनावराला लगेच उठवणारं. इथे कोंडी नाही, हवामान नाही, दुष्काळ नाही. एक नवं रसायन आणि ते पचवायची सोय नसलेला एक पक्षी, बस्स. आणि गंमत अशी, की इतकी मोठी हानी होऊनही 'सामूहिक मृत्यू' म्हणून तिची बातमी झाली नाही, कारण ती एका घाटावर, एका दिवशी झाली नाही. गावोगावच्या हाडकीवर एकेक जागा रिकामी होत गेली.

सैगांची आणि गिधाडांची तुलना करून बघा. दोन लाख सैगा तीन आठवड्यांत गेले, पण सैगाची मादी लवकर वयात येते आणि बहुधा जुळी पिल्लं देते. शिकार आवरली, आणि 2022 पर्यंत कझाकस्तानातली संख्या तेरा लाखांवर गेली. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. म्हणून मेलेल्यांच्या आकड्यावरून संकटाचा आकार ठरवू नये. मेलं कोण, आणि त्याच्या घरात पाळणा किती वेळा हलतो, ते आधी विचारावं. या हिशेबाने क्षिप्रेतला रोहू तगेल. एक मोठी मादी लाखांनी अंडी घालते, आणि घाटावर मासे दिसायला लागले की सगळं ठीक आहे असं आपल्यालाही वाटतं. चंबळेतल्या घडियालचं तसं नाही.

2028 च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे. खानचं पाणी बंद नळीने शहराला वळसा घालून खाली सोडायची मोठी योजना हाती घेतली आहे. आधीच्या सिंहस्थाच्या वेळीही पिपलिया राघोपासून कालियादेहपर्यंत अशीच वाहिनी टाकली होती. रामघाटावरचे मासे त्याने वाचतील, मला शंका नाही. पण वळवलेलं पाणी निघतं कुठे? उज्जैनच्या खालच्या गावांत, आणि तिथून चंबळेत. तिथे मासे मेले तर फोटो काढायला कोणी भाविक नसेल. इंदूरला ते पाणी शुद्ध होऊन सुटतं की नाही, एवढीच एक गोष्ट खरी मोजण्याची आहे, आणि ती पावसाळ्यात नाही, मे महिन्यात मोजायची.

सभेआधी इथल्या महाविद्यालयातल्या काही विद्यार्थ्यांनी विचारलं, आम्ही काय करू शकतो. फार काही लागत नाही. ऑक्सिजन मोजायचं हातात मावणारं यंत्र महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला परवडतं. एप्रिलपासून पहिला पाऊस होईपर्यंत त्रिवेणी, रामघाट आणि मंगलनाथ इथे सूर्योदयाआधी मोजा, तापमान लिहा, घड्याळातली वेळ लिहा. मासे वर आले तर कोणत्या जातीचे आले आणि कोणते आले नाहीत ते लिहा. तपासणीला मेलेला मासा नेऊ नका, तडफडणारा उचला. बर्फात ठेवा. फ्रीझरमध्ये ठेवला तर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. पाण्याची बाटली काठोकाठ भरून बुच लावा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. आणि नमुने दोन घ्या, एक प्रयोगशाळेला पाठवायला आणि एक आपल्याकडे ठेवायला.